नागीण गेली, आग राहिली

छातीच्या डाव्या बाजूला, पाठीपासून पुढपर्यंत पट्ट्यासारखे फोड उठले तेव्हा सासूबाईंनी आधी गेरू उगाळला. तोंड नि शेपूट जुळलं की माणूस हाती लागत नाही, ही त्यांची भीती. डॉक्टरांकडे जायला मी पाच दिवस लावले. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात, हे तेव्हा माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. आग मात्र तशीच. पंख्याचा वारा लागला तरी कुणी निखारा टेकवल्यासारखं होई. ब्लाउज सोडून मी दिवसभर सैल मॅक्सीत. "आता तिथे काही दिसत नाही, मनाचे खेळ आहेत," असं एका डॉक्टरांनीही ऐकवलं. परतताना रिक्षात रडले.

चौथ्या महिन्यात पेन क्लिनिक गाठलं. तिथल्या मॅडमनी कापसाचा बोळा हलकेच फिरवला, तो सुईसारखा टोचला. त्यांनी लगेच मान डोलावली आणि केसपेपरच्या मागे मज्जारज्जूचा छेद काढला, मधोमध फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग.

कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून मणक्याजवळच्या संवेदी पेशींच्या गाठीत दडून असतो. उठला की त्याच नसेच्या वाटेने कातडीवर येतो, म्हणून पट्टा सहसा एकाच बाजूला. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. दुखावलेली नस मज्जारज्जूत ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही वेदनेचा निरोप पुढे नेणारी रसायनं ओतत राहते, पुढच्या पेशी हळव्या होतात. त्यांना आवर घालणारी गाबा आणि ग्लायसिन ही रसायनं कमी पडतात. मग साधा स्पर्शही वेदना होऊन मेंदूकडे जातो. म्हणजे माझं दुखणं खरं होतं! औषधापेक्षा आधी मला ते वाक्य लागू पडलं.

रात्री प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम. ते नसेच्या टोकाशी कॅल्शियमची वाट अरुंद करतं, ग्लुटामेट कमी सुटतं. जोडीला अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, मेंदूकडून खाली येणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या रसायनाचा वेदनेवरचा आवर वाढवायला. पहिले दहा दिवस भिंत धरून चालले, तोंडाला कोरड. मॅडमनी बजावलं होतं, मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. रोज रात्री वहीत दुखण्याला दहापैकी गुण लिहायचे. आठ, आठ, सात. दिवाळीपर्यंत तीन.

भाऊबीजेला कॉटनची साडी नेसले. पदर डाव्या खांद्यावर घेतला आणि संध्याकाळपर्यंत तो तिथे आहे हे विसरून गेले.