गाद्यांचा श्वास

मालवणजवळच्या देवबागला गेली नऊ वर्षं मी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी नेतो. आम्ही त्यांना गादे म्हणतो. गादे दिसले की इंजिन वाढवायचं, पुढून वाट अडवायची, सगळ्यांचे फोटो झाले की परतायचं. गाद्यांना माझ्याइतकं कोणी ओळखत नाही, असं मला वाटायचं.

जानेवारीत शाळेतले दोन मित्र गावी आले. भाड्याने कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, घेतल्या. कर्ली नदीच्या मुखाशी सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी समुद्राला भिडलं की लाटा वेड्यावाकड्या फुटतात, म्हणून पाणी थांबेपर्यंत आम्ही आतच थांबलो. मतलई वारा मंद होता, पण तो कयाक बाहेर ढकलतो, तेव्हा किनारा धरूनच निघालो.

पेडवे या छोट्या माशांवर कुरव पक्ष्यांची झुंबड उडाली होती. वल्ही मांडीवर आडवी घेऊन बसलो. आणि पाठीमागून आलं, ‘फूऽस.’

नऊ वर्षांत मी हा आवाज ऐकलाच नव्हता.

वळलो तर वल्हंभर अंतरावर करडी पाठ, पाठीवर कुबड, कुबडावर आखूड पंख. हंपबॅक जातीचा गादा. जगभरातच ही जात धोक्यात आहे. पंखाच्या मागच्या कडेला दोन बोटं रुंद खाच होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. दोरीने कापलं की होडीच्या पंख्याने, कोण सांगणार? बगलेला फिकट रंगाचं पिल्लू. आईचा श्वास लांब, लगेच पिल्लाचा आखूड. फूऽस, फुस. तुषार माझ्या मनगटावर पडले, त्यांना माशाचा वास होता.

“गप रव,” मित्र पुटपुटला. बोलत तर कोणीच नव्हतं.

गादे पाण्याखाली आवाजावरच मासे शोधतात, आवाजावरच एकमेकांना धरून राहतात. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने धावतो. दिवसाला चार फेऱ्या मी त्या आई-पिल्लाच्या मधोमध इंजिन घालत होतो. परत येताना मला वल्हं मारवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीला लांबवर इंजिन बंद केलं. “अजून जवळ घ्या ना,” सगळे म्हणाले. घेतली नाही. एका कुटुंबाचे अर्धे पैसे परत दिले. आता निघण्यापूर्वीच सांगतो, होडी जवळ जाणार नाही. ज्यांना चालेल तेच बसतात. फेऱ्या दोनवर आल्या आहेत.

खाचवाली मार्चपर्यंत तीनदा दिसली. दोनदा पिल्लू सोबत होतं.