आकडा ९४, तरी धाप

पाटण तालुक्यातल्या त्या घरी पोचले, तेव्हा मावशी पलंगाच्या कडेला बसून धापा टाकत होत्या. मुलगा त्यांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे टक लावून बघत होता. आकडा होता ९४.

"मॅडम, आकडा तर चांगलाय. मग आईच्या मनाचंच आहे का हे?"

"मग मी काय सोंग करतीय व्हय?" मावशी दोन श्वासांत तुटक तुटक बोलल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

फिजिओथेरपिस्ट म्हणून मला ही वाक्यं फार ऐकावी लागतात, आणि प्रत्येक वेळी रुग्णासाठी वाईट वाटतं. मावशींना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार होता. त्यात श्वासनलिका अरुंद होतात, त्यामुळे श्वास सोडायला जास्त वेळ लागतो. घाबरून माणूस पुढचा श्वास लवकर घेतो, तेव्हा आधीची हवा आतच अडकते. छाती फुगलेलीच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असला, तरी श्वासाच्या स्नायूंची दमछाक झालेली असते. धाप खरीच असते.

आधी मी मावशींसमोर गोधड्यांची चवड ठेवली आणि कोपर टेकवून त्यांना पुढे वाकून बसवलं. हातांना आधार मिळाला की मानेचे, खांद्यांचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. मग घरात विंझणा आहे का विचारलं. सुनेनं आणला. तो मी मावशींच्या नाकाजवळ, गालांवर हलवत राहिले. छताचा पंखा खोलीभर वारा घालतो. मला वारा हवा होता तो चेहऱ्यावर, कारण तिथल्या मज्जातंतूंना गार झुळूक लागली की धाप लागल्याची जाणीव कमी होते.

"आता फुंकणीवर धरता तसे ओठ करा, मावशी. पण जोर लावायचा नाही. नाकानं घ्या, ओठांतून हळूहळू सोडा."

पहिल्यांदा त्यांनी सवयीनं जोरातच फुंकलं आणि खोकला आला. त्यांचा हात पोटावर ठेवून पुन्हा केलं. हळूहळू खांदे खाली आले आणि त्या एक पूर्ण वाक्य बोलल्या: "म्हशीकडं गेले नाही किती दिवसांत."

मुलगा कर्ज काढून ऑक्सिजनचं मशीन घेणार होता. आईवरची माया मला दिसत होती, म्हणून शांतपणे सांगितलं. स्वस्थ बसलेलं असताना आकडा ८८ किंवा त्याखाली राहत असेल आणि डॉक्टरांनी रक्ततपासणीतून खात्री केली असेल, तर दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन लावल्यानं आयुष्य वाढतं. मावशींचं तसं नव्हतं. ऑक्सिजन एवढा कमी नसलेल्या २३९ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नळीतून ऑक्सिजन दिला काय किंवा साधी हवा दिली काय, धाप कमी होण्यात फरक पडला नाही.

त्यापेक्षा औषधाचा पंप (इनहेलर) नीट ओढला जातोय का ते बघणं आणि रोज थोडं थोडं चालणं जास्त कामाचं. धापेच्या भीतीनं माणूस बसून राहतो, पायांतली ताकद जाते आणि मग चार पावलांतही धाप लागते. मावशींचं तेच झालं होतं.

गोठ्याच्या वाटेवर मध्येच एक खुर्ची ठेवली. दोन पावलांत श्वास घ्यायचा, चार पावलांत सोडायचा, खुर्चीवर विसावा. मावशी गोठ्यापर्यंत गेल्या. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत मुलाला वैरणीवरून दोन शब्द सुनावलेसुद्धा.

ओठ निळसर पडले, गुंगी आली किंवा बेडक्याचा रंग बदलून धाप वाढली, तर विंझण्यावर न थांबता दवाखाना गाठायचा, हे मी दोनदा सांगितलं.

"पण आईनं तर कधी बिडीला हात लावला नाही," मुलगा म्हणाला. न्हाणीपाशी चूल पेटलेली होती. मी तिकडे बोट दाखवलं. मावशींची उमेद त्या धुरात गेली होती, आणि आता तिथं सून बसत होती.

"तुला खोकला येतो का गं?" मी तिला विचारलं.

"सकाळचा येतो जरा."

पाणी गॅसवर तापवायचं असं त्याच वेळी ठरलं, आणि पुढच्या तपासणीला मावशींबरोबर सुनेलाही स्पायरोमेट्रीसाठी, म्हणजे नळीत फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीसाठी, आणायला सांगून मी निघाले.