राणीबागेतली उर्वशी

राणीबागेत शिरलेली गर्दी थेट पेंग्विनकडे पळते. मी मात्र फेब्रुवारीतल्या त्या सकाळी चिपळूणहून रात्रभर प्रवास करून भायखळ्याला उतरले ती उर्वशी बघायला.

झाड बेताच्याच उंचीचं, पण गच्च पानांचं. फांद्यांवरून लांबलचक तुरे खाली लोंबतात. देठापासून पाकळीपर्यंत सगळा शेंदरी-लाल रंग, वरच्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा डाग. कोवळी पालवी तांबूस-जांभळी आणि इतकी मलूल, की माळ्यानं पाणी घातलंच नाही वाटावं. हिरवी झाली की तीच पानं ताठ होतात. सीतेच्या अशोकाच्या पालवीची हीच तऱ्हा. नात्यातलीच झाडं ती.

उर्वशीचं माहेर ब्रह्मदेश. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांना १८२७ साली मार्तबानजवळ एका मोडकळलेल्या मठाच्या बागेत ती दिसली. तिची फुलं जवळच्या गुहांतल्या बुद्धमूर्तींना वाहत. वॉलिचनी मात्र नाव दिलं गव्हर्नर जनरलच्या बायकोचं आणि लेकीचं: अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस! इंग्लंडात ती १८४९ मध्ये लुइझा लॉरेन्स या बाईंच्या काचघरात प्रथम फुलली, नि पहिला तुरा गेला व्हिक्टोरिया राणीकडे. राणीबागही त्याच राणीच्या नावानं सुरू झालेली, १८६२ साली.

पाचोळा गोळा करणाऱ्या माळीकाकांना विचारलं, "बी मिळेल का हो?"

"बी कुठलं, ताई? शेंगच धरत नाय कधी. गुटी बांधायची."

खरंच आहे. शेंग क्वचित धरते, म्हणून गुटी कलमावरच भिस्त. पावसाळा लागला की पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं मॉस (शेवाळ) लावून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. मुळ्या दिसल्या की खाली कापून कुंडीत, सावलीत. घाई केली तर रोप जातं. पुढे जमिनीत लावताना भरपूर पालापाचोळ्याचं खत हवं, ओल कायम हवी, पण पाणी साचता कामा नये.

पुण्या-नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात हिचे हाल होतील, उगाच हौस करू नये. कोकणात पोफळीचं आगर असेल तर मात्र जरूर लावा: दमट हवा, लहानपणी डोक्यावर विरळ सावली, सगळं आयतंच. वाढ सावकाश आहे, तेव्हा फुलांसाठी काही वर्षं थांबायची तयारी ठेवा. आणि राणीबागेत जाणार असाल तर बुधवार टाळा, बाग बंद असते.