रंधा आडवा ठेवा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी शेजाऱ्यांच्या बाल्कनीचं दार मांडीला टेकवून रंधत बसलो होतो. जुलै महिना, नागपूरचा पाऊस. दार फुगून चौकटीत असं रुतलं होतं की खांदा लावल्याशिवाय उघडत नव्हतं. मी काही सुतार नाही. तीस वर्षं हिशेबाच्या नोकरीत काढली. पण आमच्या सोसायटीत पाऊस लागला की लोक मलाच हाक मारतात, कारण माझ्याकडे रंधा, म्हणजे लाकूड तासून सपाट करायचं हत्यार आहे. तो मी आपल्या शाळेत, नववीत असताना केलेला आहे.

1984 ते 1987 या वर्षांत ज्यांनी टेक्निकल विषय घेतला त्यांना सुतारकामाचे सर आठवत असतीलच, नाव लिहायची गरज नाही. मैदानामागची टिनाची शेड, भिंतीला लागून शेगडे, म्हणजे लाकूड आवळून धरायचे शिकंजे लावलेली लांब टेबलं, आणि दारातून आत पाऊल टाकताच येणारा सागाचा तो चामड्यासारखा वास. आपल्याकडे सागाला तोटा नव्हता. बल्लारशाचा लाकडाचा डेपो फार दूर नाही, आलापल्लीच्या जंगलातला माल तिथे उतरायचा. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून गेला, तेव्हा टीव्हीसमोर बसून मी बायकोला सांगत होतो की याच झाडाच्या छाटण्यांवर मी हात साफ केला. तिने ते फारसं मनावर घेतलं नाही. आमच्या वाट्याला यायच्या त्या आरा मशीनवरच्या छाटण्याच, हे मात्र खरं.

हत्यार घ्यायचं तर टूलरूमच्या खिळ्याला आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा. सरांचा दुसरा नियम त्याहून कडक होता. रंधा टेबलावर ठेवायचा तो कुशीवर, आडवा. तळ खाली टेकवून ठेवलेला दिसला की शनिवारी अख्ख्या शेडमधल्या ढलप्या त्या मुलाने एकट्याने झाडायच्या. पात्याची धार टेबलावर घासून जाते म्हणून. मी तीन शनिवार झाडल्या.

आठवीत कितीतरी आठवडे एकच जॉब होता : सागाच्या एका तुकड्याची एक बाजू सरळ करायची. बस. शाळेत जॅक प्लेन, म्हणजे लांब लोखंडी रंधे दोनच होते, चौदा इंची, मागे पितळी चाकी फिरवून पातं वरखाली करायचे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बेली नावाच्या कारागिराने ही घडण बसवली, हे मला फार पुढे कळलं. ते दोन रंधे दहावीच्या मुलांकडे. आम्हाला लाकडी, पातं पाचरीने आवळायचे. पातं खाली आणायचं तर त्याच्या डोक्यावर हलकी टिचकी, वर घ्यायचं तर रंध्याच्या मागच्या टोकावर मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा ठोका. मग रंधा उलटा धरून पुढून तळावर नजर टाकायची. तळाच्या वर पातं काळ्या केसाएवढं दिसलं पाहिजे, आणि दोन्ही कडांना सारखं.

मी रंधायला लागलो की तुकड्याच्या मधे पोट यायचं आणि दोन्ही टोकं उतरायची. जोर वाढवला की आणखी उतरायची. सर मागे येऊन उभे राहिले. "काऊन रे, लाकडाशी कुस्ती खेळून राहिला काय?" मग त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात धरले. सुरुवातीला दाब पुढच्या हाताचा, मधे दोघांचा सारखा, टोकाशी पुढचा हात नुसता ठेवलेला आणि दाब सगळा मागच्या हाताचा. तेवढ्यानेच ढलपी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड निघाली, आणि रंध्याच्या तोंडातून सुरळी होऊन सरांच्या मनगटावर पडली.

नववीत रंधा करायचा होता. ठोकळा बाभळीचा, नऊ इंच लांब, अडीच इंच रुंद, तेवढाच उंच. सरांनी ते ठोकळे दोन उन्हाळे शेडच्या आढ्याला टांगून वाळवले होते. ओल्या लाकडाचा केला तर मे महिन्यात रंधाच वाकडा होतो. पात्यासाठी जीपच्या कमानपाट्याचा तुकडा. बाजारातल्या लोहाराने तो ठोकून दिला, लाल करून तेलात बुडवला आणि गवताच्या वाळक्या काडीसारखा रंग चढेपर्यंत पुन्हा शेकला. धारेचा उतार किती ठेवायचा, तर पात्याच्या जाडीच्या अडीचपटीला किंचित कमी. कोनमापक न लावता पंचवीस अंश येतात. ऑइलस्टोनवर शेवटची धार त्याहून थोडी उभी. हे गणित मी घरी त्रिकोणमितीच्या तक्त्यावर पडताळून पाहिलं होतं. बरोबर निघालं, याचाच मला राग आला होता. गणिताच्या तासाला हे कुणी का सांगत नव्हतं?

ठोकळ्यात पंचेचाळीस अंशांचा तिरपा गाळा कोरायला तीन आठवडे गेले. बाभूळ पटाशीला सहज दाद देत नाही. पातं ज्यावर टेकतं ती बैठक आरशासारखी सपाट हवी, नाहीतर पातं थरथरतं आणि लाकडावर लाटा उमटतात. ती मला साधली. आता तळाला फक्त चिरेएवढं तोंड पाडायचं राहिलं होतं. सर सांगत होते की शेवटचं लाकूड खालून काढा, वरून मारू नका. मी पटाशी वरूनच मारली, मोगरीचा एकच ठोका. तळाचा कपचा उडाला आणि तोंड अर्धा सेंटिमीटर वासलं.

मी तो रंधा घासूनपुसून, अळशीचं तेल पाजून असा चकचकीत केला की बाकावरच्या जोडीदारापेक्षा माझाच उठून दिसत होता. त्याला वीसपैकी सतरा मिळाले. मला अकरा. मी आठवडाभर सरांशी धड बोललो नाही.

मग एके दिवशी त्यांनी बीजा झाडाच्या लाकडाचं एक फळकुट माझ्यासमोर ठेवलं, शीर नागमोडी. "हे रंध." चार हात मारले तर लाकूड जागोजागी उखडलं, कुत्र्याने कुरतडल्यासारखं. जोडीदाराच्या रंध्याने तेच फळकुट बऱ्यापैकी गुळगुळीत झालं. सरांनी माझ्या जर्नलचं शेवटचं कोरं पान उघडलं, फूटपट्टी घट्ट दाबून पट्टीलगत कागद फाडला. सरळ फाटला. मग पट्टी उचलून नुसत्या हाताने फाडला, तो भलतीकडेच गेला. एवढं करून ते निघून गेले. मी त्या दोन चिठोऱ्यांकडे बघत बसलो. पात्याच्या लगेच पुढे तळाची जी कड असते ती म्हणजे पट्टी. ती तंतू दाबून धरते म्हणून ढलपी तिथल्या तिथे मोडते. माझ्या रंध्यात पट्टी पात्यापासून अर्धा सेंटिमीटर लांब, मग पात्यापुढे लाकूड वाटेल तसं फाटत जाणारच.

दुरुस्ती सुचवली सरांनीच. तोंडाच्या पुढे तळात खाच करून धावड्याच्या लाकडाचा तुकडा गरम सरसाने बसवला, आणि कानशीने घासत घासत तोंड पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढं ठेवलं. तेच बीजाचं फळकुट पुन्हा रंधलं. हात फिरवला तर कुठे अडला नाही. सरांनीही फिरवला. मार्क अकराच राहिले.

तो धावड्याचा तुकडा आजही जागेवर आहे. मे महिन्यात पाचर सैल होते, पावसाळ्यात इतकी आवळते की पातं निघता निघत नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी तळ पुन्हा सपाट करावा लागतो. दाराचं म्हणाल तर लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून रंग कुठे घासला गेलाय ते पाहून तेवढ्याच उभ्या कडेवरून मिलिमीटरभर काढायचं. शेजारी म्हणतात, अजून थोडं काढा ना. काढलं तर उन्हाळ्यात फटीतून धूळ येणार, आणि तेव्हाही मलाच बोलावणार. दाराच्या वरच्या काठाला कोपऱ्यात लाकडाचं आडवं टोक उघडं असतं, तिथे दोन्हीकडून मध्याकडे रंधायचं. हे विसरून मी बहिणीच्या नव्या घराच्या दाराचा कोपरा उडवला होता. भाऊजी अजून पाहुण्यांना तो कोपरा दाखवतात.

महोत्सवाच्या बैठकीला आलो तेव्हा शेडकडे जाऊन आलो. आता तिथे जुनी बाकं आणि निवडणुकीच्या मतपेट्या ठेवल्या आहेत. दोन शेगडे गंजून जाम झालेत. खिडकीजवळच्या टेबलावर एक जॅक प्लेन होता, तळ खाली टेकवलेला. मी तो उचलून कुशीवर ठेवला.

प्रदर्शनात ठेवायला माझा रंधा पाठवतो आहे. पाटीवर वीसपैकी अकरा असं अवश्य लिहा. काचेच्या पेटीची गरज नाही, मुलांना हात लावू द्या. फक्त टेबलावर आडवा ठेवा, पातं आतच आहे आणि गेल्याच आठवड्यात धार लावली आहे.