तुम्ही विचारलंत म्हणून: एकच बटण कशासाठी?

फ्रेंच कंपनी कार्तिएच्या ‘तोर्त्यू मोनोपूस्वार’ या स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळाचं नाव काढलं की प्रश्न ठरलेला. एवढे पैसे मोजायचे आणि स्टॉपवॉचला बटण एकच? थांबवलेला काटा तिथूनच पुढे सुरूही करता येत नाही? नाही येत. हे मी कधीच लपवलं नाही. पण त्यावर ‘म्हणजे जुनी अडचणच शोभा म्हणून विकतात’ असं कुणी म्हटलं, की मला ते पटत नाही.

ब्राइटलिंग या स्विस घड्याळ कंपनीने १९२३ मध्ये सुरू-बंदचं काम वेगळ्या बटणावर नेलं आणि काटा शून्यावर आणणं चावीकडे, म्हणजे कडेच्या फिरवायच्या गुंडीकडे ठेवलं. १९३४ मध्ये शून्यालाही स्वतंत्र बटण मिळालं. कार्तिएचं हे घड्याळ १९२८ चं. म्हणजे दुसरी वाट तोवर निघालेली होती. तरी त्यांनी बटण चावीच्या पोटातच बसवलं. तोर्त्यू म्हणजे कासव. १९१२ पासूनची ती फुगीर, वळणदार केस, म्हणजे घड्याळाचं कवच. तिच्या कडेला दोन बटणं बाहेर काढली असती, तर ती रेघ मोडली असती. पूर्वी मी एवढ्यावरच थांबायचे. आता वाटतं, नुसत्या रूपावर बोलून मी मशीनवर अन्याय करत होते.

कारण खरी गंमत आत आहे. खांब उभे असलेलं एक छोटं चाक, म्हणजे कॉलम व्हील, काटा चालत्या चाकांना जोडणारा क्लच, त्याला रोखणारा ब्रेक आणि शून्यावर आणणारी हातोडी या तिघांना हुकूम देतं. दोन बटणांच्या घड्याळात त्याला दोनच स्थिती सांभाळायच्या असतात: चालू आणि बंद. एका बटणात तिसरी येते, शून्य. म्हणून सहा खांब असतील तर खालच्या चक्राला बाराऐवजी अठरा दाते लागतात, आणि प्रत्येक दाबाला चाक तितकंच कमी फिरतं. चुकायला जागा उरत नाही.

पहिल्या दाबाला हातोडी उचलली जाते, मगच क्लच लागतो. दुसऱ्याला क्लच सुटतो, ब्रेक बसतो. तिसरा दाब सगळ्यात नाजूक. ब्रेक आधी उठला पाहिजे आणि त्यानंतरच हातोडी बदामाच्या आकाराच्या चकतीवर पडली पाहिजे. चकतीचा आकारच असा, की कुठूनही मार बसला तरी ती फिरून सर्वांत खोलगट जागी येते आणि काटा शून्यावर थांबतो. ब्रेक उठायला केसभर उशीर झाला तर हातोडी ब्रेकशी झगडत चाक ओढते, आणि काटा शून्याच्या अलीकडे रेंगाळतो. बोट अर्ध्यात थांबलं आणि दाता स्प्रिंगचा उंचवटा ओलांडू शकला नाही, तर चाक मागे येतं. तेवढ्या क्षणात काटा ना ब्रेकच्या ताब्यात ना हातोडीच्या; जरासा सरकला तरी घेतलेली वेळ गेली. दाते ओढणारा हुक झिजला असेल, तर बटण आत जातं आणि काहीच घडत नाही. क्लचच्या दात्यांना तेल लावायचं नसतं. कुणी हौसेनं लावलं, की त्यावर धूळ चिकटते आणि सुरू होताना काटा उडी मारतो.

शिवाय बटण चावीतच असल्याने रोज चावी देताना बोटाचा घाम आणि धूळ नेमकी तिथेच जमते. ही अडचण खरी आहे, तिचं समर्थन मी करणार नाही.

१९९८ मध्ये कार्तिएने हे घड्याळ पुन्हा आणलं, तेव्हा मशीन स्वित्झर्लंडमधल्या साँत-क्रुआच्या टीएचए या छोट्या कार्यशाळेतून आलं. फ्राँस्वा-पोल जूर्न, देनी फ्लाजोले आणि वियानी हाल्टर यांनी उभारलेली ही कार्यशाळा. तिघंही पुढे स्वतःच्या घड्याळांसाठी ओळखले गेले. अशा माणसांच्या कार्यशाळेने हा तीन पायऱ्यांचा खेळ नव्याने मांडायला घेतला, हे मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठं वाटतं. २०२४ मध्ये कार्तिएने आपलं ‘१९२८ एमसी’ मशीन आणलं, जाडी फक्त ४.३ मिलिमीटर.

तरी शर्यतीतला मधला थांबा वजा करून मोजायचा असेल, तर मी दोन बटणांचंच घ्या म्हणेन. मग हे कुणी घ्यावं? याचं पक्कं उत्तर आजही माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे त्याने एवढंच पाहावं: दाब पूर्ण द्या, आणि दुसऱ्यानंतर बोट बाजूला घेऊन आधी आकडा लिहून ठेवा.