नू-वूपाशी अडलेले तीन आठवडे

फ्रेंचची बी 1 पातळीची परीक्षा पास झाले, पण क्रियापदांनी खाल्लेल्या तीन आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही. क्लासमध्ये फळ्यावर 'अपवाद' असं लिहून यादी दिली आणि सांगितलं, पाठ करा. 'तू आपेल' (तू बोलावतोस; फ्रेंच 'तू' म्हणजेही तूच) लिहिताना एल दोनदा, 'नूझाप्लों'मध्ये (आम्ही बोलावतो; नू म्हणजे आम्ही, वू म्हणजे तुम्ही) एकदाच. 'तू जॅत'ला (तू फेकतोस) टी दोन, 'तू आशॅत'ला (तू विकत घेतोस) मात्र टी एकच आणि ई वर ॲक्सां ग्राव्ह, म्हणजे è वरची तिरकी खूण. का, असं विचारलं तर उत्तर एकच: फ्रेंच असंच असतं. वही रोज लाल होऊन परत यायची.

शेवटी एका रात्री मी एकेक रूप सिलेबल तोडून लिहिलं आणि मोठ्याने म्हटलं. 'नूझाश्तों' (आम्ही विकत घेतो) घ्या: आ-श्-तों. भार शेवटच्या 'तों'वर, म्हणून मधला ई जवळजवळ गिळला जातो. 'तू आशॅत'मध्ये शेवटचा ई मुका, म्हणून भार मागे सरकतो आणि तिथला ई उघडा उच्चारावाच लागतो. तो उघडा ई कागदावर दाखवायच्या दोनच रीती: पुढचं व्यंजन दोनदा, नाहीतर ग्राव्ह. संपली यादी! भविष्यकाळात भार टोकाला जातो, तरी 'आशॅत्रे'मध्ये (मी विकत घेईन) ग्राव्ह राहतो, कारण पुढच्या सिलेबलमध्ये मुका ई आहेच. तेव्हा आधी पुढचं सिलेबल बघा.

'तू व्ह्यँ' (तू येतोस) पण 'नू व्हनों', 'तू द्वा' (तुला करायलाच हवं) पण 'नू दव्हों', ही जोडपीही त्याच घरची. लॅटिनमध्ये आघात कुठे धातूवर, कुठे प्रत्ययावर पडायचा, त्याची ही खूण. आपणही गरीब-गरिबाला, फूल-फुलाला लिहितोच की. प्रत्यय लागला की मागचा स्वर आखडतो. हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!

हो, एक राहिलं. 'ते बोलतात'च्या 'इल पार्ल'मधलं शेवटचं ईएनटी अजिबात उच्चारू नका. त्यामुळे तेही रूप मी-तू-तो या एकवचनांच्याच गटात बसतं, जिथे भार धातूवर असतो. वेगळी फक्त नू आणि वू.

आणि मार्क कापले तर वाद घाला. 'प्रेफेरे'च्या (जास्त पसंत करणे) भविष्यकाळात मी ग्राव्ह दिला म्हणून क्लासमध्ये माझा मार्क गेला. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणेपासून तो चालतो, जुना ॲक्सां एग्यूही (é वरची उलट्या बाजूची खूण) चालतो. त्याच सुधारणेने -eler, -eter ने संपणाऱ्या क्रियापदांनाही ग्राव्ह दिला. आप्ले (बोलावणे), ज्ते (फेकणे) आणि त्यांच्यापासून झालेली क्रियापदं तेवढी वगळली.

परीक्षेत लेखनाला 25 पैकी 21 मिळाले. तोंडीत खरेदीचा प्रसंग निघाला, आणि 'नूझाश्तों'मधला तो ई विचार न करता गिळला गेला.