पावसाळी नोंद: एक जॅम, एक जजची खुर्ची आणि स्लॅबची प्रगती

आषाढ लागला की सह्याद्रीतला कातळ शेवाळतो आणि आम्हा क्लाइंबर्सची वरात वॉलवर, म्हणजे चढाईच्या कृत्रिम भिंतीवर, येते. यंदाचा पावसाळी बेत साधा होता: स्लॅब (मागे कललेल्या भिंतीवरची चढाई) सुधारायचा, हॅंगबोर्ड (बोटांवर लटकायची फळी) जपून करायचा आणि जमलं तर एखादी स्पर्धा. स्लॅब बरा चाललाय. टाच खाली सोडून व्हॉल्यूमवर (भिंतीवर ठोकलेल्या मोठ्या उंचवट्यावर) नुसतं घासून उभं राहायला पूर्वी धडकी भरायची, आता पाय टिकतो. हॅंगबोर्ड मात्र डाव्या अनामिकेने कुरकुर सुरू केल्यावर बंद ठेवलाय. बोटाची पुली (कंडरा हाडाशी धरून ठेवणारी पट्टी) एकदा गेली की अख्खा हिवाळा गेला, तेवढी हौस नाही.

स्पर्धा मात्र दोन घडल्या. एकीत खेळलो, दुसरीत जज म्हणून बसलो. नोंद मुख्यतः त्यांचीच.

पहिली जॅम होती. नव्या मंडळींसाठी सांगतो: ठरलेल्या तासांत भिंतीवरचे प्रॉब्लेम (ठरलेल्या होल्डचे, म्हणजे पकडींचे, छोटे मार्ग) कुठल्याही क्रमाने करायचे, हवे तितके प्रयत्न घ्यायचे, झालेल्यावर जजची सही घ्यायची. माझा नंबर विचारू नका, खालून मोजणं सोपं जाईल. पण मजा आली, आणि का आली याचा घरी येईपर्यंत विचार करत होतो. रोजच्या वॉलवर होल्ड न होल्ड पाठ असतो, कोणता फिरतो तेसुद्धा. इथे सगळंच कोरं. हिरव्या टेपचा एक प्रॉब्लेम होता: उजव्या हाताला मोठा गुळगुळीत स्लोपर (उतरता गोल होल्ड), डावा पाय रिकाम्या भिंतीवर, आणि पुढचा क्रिंप (बोटांच्या टोकांपुरता होल्ड) असा तिरका की कंबर भिंतीला चिकटवल्याशिवाय तो धरताच येत नाही. मी हातानेच ओढाओढ करत पडत होतो. मागून एक शाळकरी पोरगा म्हणाला, "काका, हात नका ओढू, आधी उजवा पाय बदला." बदलला, आणि झालं. हा पोरगा माझ्याच गटात असता तरी त्याने सांगितलंच असतं. जॅममध्ये तसंच चालतं.

याउलट मोठ्या स्पर्धांची पद्धत. बोल्डरिंगच्या (दोराशिवाय कमी उंचीच्या भिंतीवरच्या चढाईच्या) पात्रता फेरीत पाच मिनिटं प्रॉब्लेम, पाच मिनिटं विश्रांती, असे पाच प्रॉब्लेम. बाकीचा वेळ आयसोलेशनमध्ये, म्हणजे दुसऱ्याचा बीटा (चढायची युक्ती) दिसू नये म्हणून बंद खोलीत. फायनलला चार प्रॉब्लेम, प्रत्येकी चार मिनिटं. वर्ल्ड कपला ते योग्यच. २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला, त्यातला पहिला मी प्रेक्षकांत उभा राहून पाहिलाय. मे महिन्यातली ती दमट हवा, चॉक (हात कोरडे ठेवायची पांढरी पूड) लावून तिसऱ्या सेकंदाला ओले होणारे हात, आणि एखादीने टॉपला (शेवटच्या होल्डला) दुसरा हात लावला की गर्दीतून उठणारा आवाज! तिथे आयसोलेशनमुळेच रंगत येते, कारण तिला काय सुचतंय ते आपल्याला तिच्याबरोबरच कळतं. पण हेच गल्लीतल्या हौशी स्पर्धेला जसंच्या तसं लावलं की वाट लागते. एका ठिकाणी (नाव घेत नाही) लहान मुलं सकाळी आठला आत बसवली होती, दुपारी जेवणानंतर त्यांची पाळी आली. पंचवीस मिनिटं चढायला अख्खा रविवार. त्यातली किती परत येतील? माझं मत पक्कं आहे: सगळ्यांसाठी जॅम ठेवा, वरच्या सहा जणांची फायनल आयसोलेशनने घ्या.

आता जजची खुर्ची. ही एकदा तरी अनुभवा. काम कंटाळवाणं वाटतं, पण खरं क्लाइंबिंग बघायला एवढी जवळची जागा दुसरी नाही. आठवी-नववीतली एक मुलगी माझ्या प्रॉब्लेमवर होती. झोन (मधला ठरलेला होल्ड) आरामात घेतला, टॉपवर डावा हात ठेवला, उजवा लागला आणि त्याच क्षणी घसरला. टॉपला दोन्ही हात स्थिर हवेत, म्हणून मी हात वर केला नाही, म्हणजे टॉप दिला नाही. मागून कोणीतरी "लागला होता की!" म्हणून ओरडलं. तिने वर पाहिलंही नाही. ब्रश उचलला, सुरुवातीच्या होल्डवर साचलेला चॉक खरवडून काढला, घड्याळाकडे एक नजर टाकली आणि पुन्हा चढली. या वेळी टॉप. आम्ही २०२५ पासूनची आंतरराष्ट्रीय गुणपद्धत वापरली होती: टॉपला २५, नुसत्या झोनला १० आणि प्रत्येक फुकट गेलेल्या प्रयत्नाला ०.१ वजा. म्हणजे त्या घसरलेल्या हाताची किंमत दशांश एक गुण. जुन्या पद्धतीत टॉप, झोन आणि दोन्हींचे प्रयत्न असे चार आकडे शेजारी शेजारी असायचे, आणि पालकांना निकाल समजावताना आमचाच घसा बसायचा. नवी बेरीज आजीलाही कळते.

पण स्पर्धा बरी की वाईट हे शेवटी सेटर, म्हणजे होल्ड लावून प्रॉब्लेम बनवणारे, ठरवतात. सगळ्यांनी सगळं केलं तर निकाल लागत नाही, कोणालाच काही झालं नाही तर लोक चिडून जातात. त्याहून वाईट म्हणजे निव्वळ उंचीवर निकाल लागणं. पॅरिस २०२४ ऑलिंपिकच्या बोल्डर आणि लीड मिळून झालेल्या महिला फायनलमध्ये १५४ सेंटीमीटर उंचीच्या जपानच्या आइ मोरीला पहिल्या बोल्डर प्रॉब्लेमचा सुरुवातीचा होल्डच उडी मारून गाठता आला नाही. त्यावर तिला शून्य. लीडमध्ये (दोर लावून उंच भिंत चढण्यात) तीच सगळ्यांत जास्त गुण घेऊन गेली, तरी एकूण चौथी. सेटरची बाजू घेणारे म्हणतात, उंच खेळाडूलाही अडचणीचे मूव्ह असतातच. असतात, मान्य. पण वर चढताना अडणं वेगळं आणि भिंतीला हातच न लागणं वेगळं.

म्हणून आमच्याकडे जे पाहिलं ते फार आवडलं. स्पर्धेच्या आदल्या रात्री सेटर पोरं (सगळी सहा फुटी!) इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन लटकत होती. प्रॉब्लेम तपासायला त्यांनी मुद्दाम एका ठेंगण्या, स्पर्धेत नसलेल्या मैत्रिणीला बोलावलं होतं. तिने मुलींच्या तिसऱ्या प्रॉब्लेमवर दोनदा हात ताणला आणि खाली उतरून म्हणाली, "इथे मला मूव्हच नाहीये, नुसती उडी आहे." वाद न घालता नखाएवढी एक चिप पायासाठी ठोकली गेली. दुसऱ्या दिवशी त्याच चिपवरून तीन वेगवेगळे बीटा निघाले.

स्पीडबद्दल, म्हणजे वेगाने चढण्याच्या शर्यतीबद्दल, थोडक्यात: १५ मीटरची भिंत, जगभर तोच मार्ग, पॅरिसला अमेरिकेच्या सॅम वॉटसनने तो ४.७४ सेकंदांत संपवला. बघताना डोळे विस्फारतात, पण सेटरला तिथे काही करायलाच नाही, त्यामुळे मला ते धावण्याकडे झुकलेलं वाटतं.

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ दरवर्षी विचारतात, "सुळके सोडून प्लास्टिकवर कसल्या स्पर्धा रे?" त्यांना सांगितलं, हे भांडण जुनं आहे. १९८५ मध्ये फ्रान्समधल्या १९ क्लाइंबर्सनी स्पर्धांविरुद्ध जाहीरनामा काढला होता. त्याच वर्षी इटलीत बार्दोनेक्कियाजवळ खऱ्या कातळावर स्पर्धा झाली, स्टेफान ग्लोवाच आणि कॅथरीन देस्तिवेल जिंकले, आणि सही करणाऱ्यांपैकी काही पुढे स्वतःच स्पर्धेत उतरले. काही वर्षांत हा खेळ कृत्रिम भिंतीवर गेला, ते कातळाच्या दृष्टीने बरंच झालं. ते हसले आणि म्हणाले, "मग तू कधी जिंकणार?" विषय बदलला.

पुढचा बेत: दसऱ्यापर्यंत आणखी एक जॅम, स्लॅब चालूच, अनामिका गप्प राहिली तर हलका हॅंगबोर्ड. सेटरांच्या हाताखाली एक रात्र बोल्ट घट्ट करायला जाणार आहे, त्यांनी होकार दिलाय. जजही कमी पडतायत. कोणाला यायचं असेल तर कळवा. वडापाव आणि चहा मिळतो, ब्रश आपापला आणा.